ग्रीन विलोसाठी तीनशे अठरा सह्या

१४ मे १९८४, सोमवार

चार विरुद्ध तीन. झालं! आमची घरं उठवायचा कायदा पास झाला आणि मेयर बड स्टाइनरनं लगेच कुत्र्यांच्या पट्ट्यांचा विषय घेतला. कुत्र्यांवर कौन्सिल चाळीस मिनिटं बोललं. आमच्यावर बारा.

कायदा असा, की आमच्या ग्रीन विलो कोर्ट या ट्रेलर-घरांच्या वस्तीची जमीन आता राहण्यासाठी नाही, व्यापारासाठी. म्हणजे जमीनमालक ती डेन्व्हरच्या मोटेलवाल्याला देणार आणि आम्ही सव्वीस ट्रेलरवाल्यांनी घरं उचलून चालतं व्हायचं. मेयर म्हणतो कसा, "अगं अर्लिस, तुमच्या घरांना चाकं असतात ना?" चाकं म्हणे. माझ्या घराची चाकं माझ्या नवऱ्यानं, डेलनं, एकोणसत्तर साली काढली. डेल गेला, चाकं गेली, खालचा सांगाडा गंजला. आता घर उचललं तर मधोमध मोडेल. एकोणसाठाव्या वर्षी मी जायचं कुठे, ते कुणी विचारलं नाही.

१५ मे

नगरसचिव मिसेस क्रँडलकडे गेले. तोंड असं की नाकानं कांदे सोलतेय. पण बाई कामाची. म्हणाली, कौन्सिलचा कायदा गावाला उलटवता येतो. तीस दिवसांत ३१८ मतदारांच्या सह्या आणायच्या. मग कौन्सिलनं एकतर कायदा मागे घ्यायचा, नाहीतर त्यावर गावाचं मत घ्यायचं. १३ जून शेवटचा दिवस.

"प्रत्येक सही तुझ्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे," म्हणाली. "आणि तशी शपथ प्रत्येक कागदाखाली लिहिलेली आहे, तिथे तू सही करायची. पुढचंही वाच."

नियम नऊ पानांचे. पहिली दोन वाचली. उरलेली वकिलांच्या पोटापाण्यासाठी.

१७ मे

सव्वीस घरं आणि सह्या गोळा करायला तयार माणूस एक! तोही लेलंड पिकेट. वय शहात्तर, माझ्या शेजारच्या ट्रेलरमध्ये राहतो, मागच्या अंगणात जुन्या बाथटबांत गांडुळं वाढवतो आणि मासे पकडणाऱ्यांना विकतो. एक वाक्य बोलायला त्याला एवढा वेळ लागतो की माझी कॉफी गार होते. बाकीच्यांना गुडघेदुखी, पाहुणे, टीव्हीवरचा सामना. घर जाईल तेव्हा हेच लोक माझ्या दारात येऊन विचारतील, "मग तू काय केलंस, अर्लिस?"

१९ मे, शनिवार

किराणा दुकानाच्या दारात सहा तास. अठरा सह्या.

"सही केली तर माझा कर वाढेल का?" नाही. "मोटेलमध्ये पोहायचा तलाव होणार आहे म्हणे?" मला ठाऊक नाही. "नवऱ्याला विचारून सांगते." विचार बाई, जन्मभर विचार. एकानं सही केली आणि मग म्हणाला, "मी गावाबाहेर राहतो, चालेल ना?" दाताच्या डॉक्टरनं लांबूनच हात केला. हा सात वर्षांचा असताना माझ्या बसमध्ये दोनदा ओकला होता, तेव्हा पुसलं कुणी? वीस वर्षं मी या गावाची पोरं शाळेत पोचवतेय. सगळ्यांची घरं ठाऊक, सगळ्यांची अक्कलही.

२४ मे

माझ्या ७३. लेलंडच्या ४०! कशा? तो तर घराबाहेर दिसतच नाही.

२८ मे

हुतात्मा दिन. बागेत बँड, झेंडे, बटाट्याचं सॅलड. मेयरनं भाषण ठोकलं की आपले जवान लोकांच्या आवाजासाठी लढले. टाळ्या. टाळ्या थांबल्यावर लोकांचा आवाज, म्हणजे अर्जाचे कागद, पाटीला अडकवून मी त्याच्यापुढे गेले, तर म्हणे, "आज राजकारण नको गं."

तरी एकोणचाळीस मिळाल्या. त्यातल्या पाच बँडवाल्यांच्या.

५ जून

शाळेला सुट्टी लागली. आता दिवसभर हेच. माझ्या २०८, लेलंडच्या ९२. अठराच हव्यात. लेलंडला विचारलं, तर म्हणतो, "लोक चांगले आहेत." कुठल्या गावात राहतो हा?

१० जून, रविवार

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

नदीकाठच्या टूटच्या दुकानात कॉफी प्यायला गेले. गल्ल्याशेजारी लेलंडच्या गांडुळांचे डबे असतात. डब्यांशेजारी आमच्या अर्जाची पाटी. तिला मासेमारीच्या दोरीनं बांधलेलं पेन. आसपास लेलंड नाही. टूट मागच्या खोलीत रेडिओ ऐकतोय. बाहेर येऊन मलाच म्हणतो, "सही करायचीय? कर की. तीन आठवडे लोक येऊन करून जातायत."

तशीच लेलंडच्या दारात.

"गांडुळं मी अशीच विकतो," तो म्हणाला. "अकरा वर्षं. डबा ठेवायचा, शेजारी पत्र्याचं भांडं ठेवायचं. एकदाही कुणी फसवलं नाही."

"गांडुळांना शपथ लागत नाही, लेलंड!"

"म्हणून तर अजून खाली सही केली नाही. आज वाचलं ते. तुझ्याकडेच येणार होतो."

मी म्हटलं, कर सही. बघायला कोण होतं? सह्या खऱ्या आहेत, माणसं खरी आहेत, झालं. तो म्हणाला, "पण मी पाहिलं नाही, अर्लिस. पाहिलं म्हणून कसं लिहू?"

तुझ्या खरेपणापायी सव्वीस घरं जाणार, असं बरंच बोलले. आणखी वाईटही बोलले. खरं सांगायचं तर त्याच्या नावानं सही करायला मी पेनाचं टोपणही काढलं होतं. त्यानं माझ्या हातातून कागद हळूच काढून घेतले, घडी न पाडता. मग म्हणाला, "पत्ते लिहिलेले आहेत. तीन दिवस आहेत. तुला रस्ते ठाऊक आहेत, मला पाहता येतं."

११ जून

सकाळी सहापासून दारोदार. मी गाडीत, तो दारात. "पुन्हा? एकदा केली ना?" प्रत्येक जण हेच. लेलंड टोपी काढून सांगतो, "चूक माझी. तेव्हा मी तिथे नव्हतो, आता आहे." आणि मग वाकून, चष्मा सावरून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बघतो. माझ्यापुढे सही करताना लोक घाईत असायचे. याच्यापुढे सावकाश करतात. एकीनं तर आधी हात धुतले.

५१ झाल्या.

१२ जून

म्हातारी मिसेस योस्ट अंथरुणाला खिळलेली. दुकानातली सही तिच्या मुलानंच ठोकली होती. तिला पेन धरवेना. "राहू दे, एकीनं काय होतंय," मी दारातून म्हटलं. लेलंड खुर्ची ओढून बसला. सहीला दहा मिनिटं लागली. तिनं वर बघून विचारलं, "झाली का नीट?" तो म्हणाला, "सुरेख झाली."

मला लाज वाटली. लिहून ठेवते, इथे कुणी वाचणार नाही.

१३ जून

कागद दिले! माझ्या २४३, त्याच्या ९०. एकूण ३३३, म्हणजे पंधरा जास्तच. दोघं जण मासेमारीला दूर गेलेत, म्हणून त्याच्या दोन राहिल्या. मिसेस क्रँडलच्या टेबलावर बसून त्यानं प्रत्येक कागदाखालची शपथ पुन्हा वाचली आणि मग सही केली. माझ्या सगळ्या कागदांखालच्या सह्या चार मिनिटांत उरकल्या होत्या.

संध्याकाळी वस्तीतले सगळे केक आणि चिकन घेऊन अंगणात जमले. गुडघेदुखीवाले नाचलेसुद्धा. "आपण करून दाखवलं," म्हणे. आपण! लेलंडनं दोन तुकडे खाल्ले आणि गांडुळांना ओलं पोतं घालायला उठून गेला. मला मात्र खूप वर्षांनी बरं वाटतंय.

२१ जून

नगरसचिवाचं पत्र आलं. लेलंड पिकेट यांनी घेतलेल्या सह्या: नव्वद, सर्व ग्राह्य. अर्लिस ट्रॉक्सेल यांनी घेतलेल्या: दोनशे त्रेचाळीस, एकही ग्राह्य नाही. सह्या घेणाराही मतदारयादीतला असावा लागतो. मी यादीत नाही. शहात्तर सालापासून मी मत टाकायला गेलेच नाही. या भामट्यांत निवडायचं काय, असं गावभर सांगत फिरले, आणि मत न टाकणाऱ्याचं नाव ते काढून टाकतात. मुदत संपली आहे.

लेलंड बाहेर टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधतोय. त्याला सांगायला जाते.