खोकलामुक्त मायाक्कानगर

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. मुख्य समाजआरोग्य अधिकारी,
नागव्वा स्मारक धर्मादाय रुग्णालय,
सोलापूर.

विषय : मायाक्कानगर बिडी कामगार वसाहतीत दर गुरुवारी येणारी दवाखान्याची गाडी पुन्हा सुरू करण्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : आपले दि. २० जानेवारीचे पत्र, ज्यात अर्जदाराने 'आपला गैरसमज दूर करून घ्यावा' असे कळवले आहे.

महोदय,

अर्जदार मडिवाळप्पा सिद्रामप्पा हत्तुरे, वय ७६, राहणार शुक्रवार पेठ, हा निवृत्त प्राथमिक शिक्षक असून गेली अकरा वर्षे मायाक्कानगरच्या समाजमंदिरात बिडी कामगारांच्या मुलांना सकाळी दोन तास शिकवतो. जन्मभर तेच पाढे नव्या नव्या मुलांना शिकवलेल्या माणसाला चौथा अर्ज लिहायचा कंटाळा येत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. गैरसमज नेमका कोणाचा, ते खाली क्रमाने लिहिले आहे.

१. आपली गाडी सहा वर्षे दर गुरुवारी समाजमंदिराच्या दारात येत होती. डॉक्टरबाई तंबाखूच्या धुळीने भरलेल्या छात्या तपासत, मुलांना वाफ देत. अर्जदाराने त्या वेळी आपले आभार मानले होते. ते आजही मागे घेतलेले नाहीत.

२. गेल्या ऑगस्टमध्ये आपण वसाहतीची 'आरोग्यगरज' मोजण्यासाठी पाहणी केली. घरोघर फिरण्यापेक्षा सगळ्या बायका एका जागी सापडतात म्हणून आपले कर्मचारी बिडी कारखान्याच्या शाखेत, बिड्या जमा करायच्या वेळी, मुनीमाच्या टेबलाला टेबल लावून बसले. रांगेतल्या प्रत्येकीला विचारले, "आपणास खोकला अथवा दम्याचा त्रास आहे का?" खोकणाऱ्या बाईचा हात मंदावला असे धरून मुनीम तिला बिड्या वळायला पान-तंबाखू कमी देतो आणि मजुरी बुडते, हे वसाहतीतले शेंबडे पोरही जाणते. एकशे बारा बायकांनी "न्हाय" सांगितले. रत्नम्माने तर खोकला गिळता गिळता सांगितले. अर्जदाराने तिला नंतर विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मग काय गुरुजी, मुनीमाच्या म्होरं व्हय म्हणू? खोकला डाक्टरला सांगायचा असतोय की!"

३. या एकशे बारा नकारांवरून आपण मायाक्कानगरात श्वसनाचे आजार शून्य असल्याचे ठरवले आणि ऑक्टोबरपासून गाडी एका बंगल्यांच्या सोसायटीकडे वळवली. तेथील रहिवाशांनी म्हणे गुडघे, झोप आणि पोटातला वायू यांची माहिती प्रत्येकी अर्धा अर्धा तास दिली. एवढ्यावर न थांबता डिसेंबरात आपण वसाहतीच्या तोंडाशी 'खोकलामुक्त वसाहत' असा फलक लावलात आणि अर्जदाराच्या वर्गातल्या मुलांना हातात फुगे देऊन त्याखाली उभे केलेत. आपले भाषण चालू असता बायका इतक्या खोकल्या, की आपणास दोनदा थांबावे लागले. "आज हवेत जरा धूळ आहे," असे आपण ध्वनिक्षेपकावरून म्हणालात. त्यावर बजाबाई आजी मागून ओरडल्या, "सायेब, ती धूळ कुटनं येती ते बगाया घरात चला की!" आपण हसून हात जोडलेत आणि गाडीत बसलात.

४. पहिल्या अर्जावर आपले उत्तर आले, की पाहणी दर तीन वर्षांनी होते. दुसऱ्यावर आले, की मधल्या काळात उद्भवलेला खोकला नोंदवण्याची तरतूद नाही. म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत मायाक्कानगरात कोणी खोकू नये, असा अर्थ अर्जदाराने काढला आहे. चूक असल्यास कळवावे.

५. तिसऱ्या अर्जासोबत अर्जदाराने मुलांनी केलेली मोजणी पाठवली होती. वर्गातल्या चौदा मुलांनी आठवडाभर घरोघर जाऊन, चुलीपाशी बसून, त्याच एकशे बारा बायकांना विचारले. प्रत्येक 'व्हय'ला एक उभी रेघ, पाचवी आडवी. एकोणऐंशी रेघा भरल्या. आपण कळवलेत, की पाहणी करणारे 'अप्रशिक्षित' आहेत. साहेब, त्यांना अर्जदाराने शिकवले आहे. वही तपासावी. एक रेघ जरी खोटी निघाली, तरी अर्जदार चारही अर्ज मागे घेईल. प्रश्न कुठे बसून विचारावा, एवढे या मुलांना कळले. आपल्या प्रशिक्षितांना ते कळले नाही.

६. रत्नम्माची नात शिवलीला, वय आठ, या वर्गात आहे. तिची आई महेश्वरी बिड्या वळते आणि ही शेजारी बसून अभ्यास करते. गाडी यायची तेव्हा गुरुवारी वाफ आणि पंपातले औषध मिळायचे, त्यावर तिचा आठवडा निघायचा. जानेवारीत वर्गात तीनदा तिचा श्वास अडकला. २३ तारखेला ओठ निळे पडले. रिक्षा मिळून आपल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. तेथील डॉक्टरांनी तिला वाचवले, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण केसपेपरवरचा पत्ता वाचून खिडकीतला कर्मचारी म्हणाला, "मायाक्कानगर? तितं तर खोकला न्हाय की!" अर्जदाराने आयुष्यात कोणा मुलावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी खिडकीला जाळी होती, हे त्या कर्मचाऱ्याचे नशीब.

७. सबब, येत्या गुरुवारी, ६ फेब्रुवारी रोजी सकाळी आठ वाजता गाडी मायाक्कानगरात यावी, पाहणी पुन्हा घरोघर व्हावी आणि तो फलक उतरवावा.

गाडी न आल्यास शुक्रवारपासून अर्जदाराचा वर्ग रोज सकाळी आठ ते दहा आपल्या रुग्णालयाच्या पोर्चमध्ये भरेल. ही परवानगीची विनंती नसून सूचना आहे. हिंदुराव टेम्पोवाले मुलांना आणून सोडतील, सतरंजी आमची आम्ही आणू. शिवलीलाला दाराच्या अगदी जवळ बसवले जाईल. तिला धाप लागली, तर डॉक्टर वीस पावलांवर असतील. सध्या ते सात किलोमीटरवर आहेत.

उत्तराची वाट न पाहणारा, आपला,

म. सि. हत्तुरे
शुक्रवार पेठ, सोलापूर

सोबत :
१) मुलांच्या मोजणीची मूळ वही (काम झाल्यावर परत करावी, तीत अजून कोरी पाने आहेत).
२) शिवलीलाच्या केसपेपरची प्रत.

प्रत माहितीसाठी : सर्व विश्वस्त, नागव्वा स्मारक धर्मादाय रुग्णालय.