परीक्षेला न येणारा भाग

आप्पा, तुमच्या नातीला काल इतिहासात आइन्स, म्हणजे एक, मिळाला. इथं एक म्हणजे सगळ्यात वरचा नंबर आणि सहा म्हणजे नापास, सगळा उलटा कारभार. तुम्ही असता तर गल्लीभर पेढे वाटले असते आणि वर म्हणाला असता, "मास्तराचं रक्त हाय शेवटी." मी मात्र पेढ्यांचं नावही काढलं नाही. तुमच्यावर चिडू की स्वतःवर, ते कळेना, म्हणून लिहायला बसले.

पोरगी इथल्या, इंगोलश्टाटच्या शाळेत आता दहावीला आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधून येतं, आणि मला हाक मारते 'मामा', तुम्हाला म्हणते 'ओपा'. इकडे आईला नि आजोबांना तसंच म्हणतात, काय करता! त्यांच्या इतिहासाच्या बाई पूर्व जर्मनीत वाढलेल्या. पालकांच्या सभेत त्यांनी दोन जुनी पुस्तकं टेबलावर ठेवली, देश दोन होते तेव्हाची, एक इकडचं, एक तिकडचं. भिंत एकच. एका पुस्तकात ती शत्रूला बाहेर ठेवायला बांधलेली, दुसऱ्यात आपलीच माणसं आत कोंडायला. बाई म्हणाल्या, "मी आधी पहिलं पाठ केलं. भिंत पडली, मग दुसरं पाठ केलं. दोन्ही वेळा वर्गात माझाच पहिला नंबर." हसावं की नाही ते कोणाला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, ज्यांची घरं अशाच दुसऱ्या तुटलेल्या देशांतून आलीत त्या मुलांनी जोडीनं आपापली पुस्तकं शोधायची आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी काय पाहिलं तेही वर्गाला सांगायचं.

पोरीची जोडीदार म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, कराचीकडची. सभेनंतर तिच्या आईला मी कॉफी विचारली तर ती म्हणाली, "नक्को, रात कू नींद नै आती." आप्पा, 'नक्को'! थेट आपल्या बाजारातली बांगडीवाली बोलली असं वाटलं मला. मी विचारलंच, मूळच्या कुठल्या तुम्ही? तिचे वडील निजामाच्या राज्यातले निघाले, आपल्याच मराठवाड्यातल्या कुठल्याशा खेड्यातले. पोलीस ॲक्शननंतर चुलत्याचा हात धरून कराचीला गेले, घरातलं बाकी कोणी उरलं नव्हतं. गावाचं नाव त्यांनी मरेपर्यंत घेतलं नाही. "विहिरीत वाकून बघायचे नाहीत," ती म्हणाली, "आम्हालाही बघू द्यायचे नाहीत."

पुढच्या रविवारी दोघी पोरी आमच्या स्वयंपाकघरात, मैत्रिणीची आईही मदतीला आलेली. माझ्या भावानं तिकडून आपल्या पुस्तकातल्या धड्याचा फोटो पाठवला होता, मैत्रिणीच्या मावशीनं कराचीहून त्यांच्या. आपल्या पानावर रझाकारांचे अत्याचार, मग फौज आली, निजाम शरण, मराठवाडा मुक्त, टाळ्या. त्यांच्या पानावर दोनच ओळी: भारतानं हैदराबाद बळानं गिळलं. रझाकार कुठंच नाहीत. आणि फौज आल्यावर गावोगाव काय झालं, ते आपल्या पानावर नाही. "गेनाऊ!" अगदी बरोब्बर, म्हणत पोरी खूश, बाईंच्या पुस्तकांसारखंच सापडलं म्हणून. आणि मग माझी वळते माझ्याकडे. "मामा, ओपा तर इतिहासाचे मास्तर होते. तेव्हा लहान होते ना ते? त्यांनी काय पाहिलं?" ओट्यापाशी मैत्रिणीची आई कोथिंबीर निवडतेय. तिचा हात थांबलाय.

मला आठवीचा वर्ग दिसायला लागला. तुम्ही मुक्तिसंग्राम शिकवताय. तुमच्यासारखं कोणी शिकवलं नाही हो, खोटं कशाला बोलू. रझाकारांनी तुमच्या वडिलांना वेशीत गोळी घातली, तिथवर आलात की मागच्या बाकावरची दांडगट पोरंसुद्धा डोळे पुसायची. मी हात वर केला. "सर, मग आपली पिंजारगल्ली रिकामी कशी झाली?" तुम्ही जन्मात एकदाच मला मारलंत, ते तेव्हा. हातावर छडी. "पुस्तकात हाय तेवढंच विचारायचं!"

त्या संध्याकाळी आई माहेरी गेलेली, तुम्ही पिठलं हाटत होता. माझ्याकडे न बघताच बोलायला लागलात. "रझाकार पळाले. मग आपली माणसं पिंजारगल्लीत, मुसलमानांच्या घरांत, शिरली. ज्यांनी काही केलं न्हवतं त्यांना धरून आणलं, बायका, लेकरं. विहिरीत टाकलं. माझ्यासंगं गोट्या खेळणारा एक होता त्यात. आतून माझं नाव घेऊन हाका मारायलता. दुपारपर्यंत. मी काठावरच होतो." पिठल्याच्या गुठळ्या झाल्या तरी तुमचा हात फिरतच होता. मी म्हटलं, मग हे शिकवत का नाही? "कशाला उकरून काढायलीस? परीक्षेला येत न्हाई ते." मग माझ्या हातावरच्या वळांना खोबरेल चोळलंत. दुसऱ्या दिवशी शाईचं पेन आणून दिलंत. पुढचे सगळे पेपर मी त्याच पेनानं लिहिले, आणि तुमच्या शाळेत पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही.

तर त्या रविवारी पोरीला मी काय सांगितलं, ऐका. "ओपा फार लहान होते गं. त्यांना काही आठवत नव्हतं."

नोकरीत दिवसभर मी गाड्यांच्या ब्रेकमधले दोष शोधून काढते. एक जरी दडवला तर माणसं मरतील, हे मीच नवीन पोरांना बजावते. आणि घरात मी स्वतःच दडवला. विहीर तीच असेल असं थोडंच आहे, तेव्हा विहिरी गावोगाव होत्या. पण माझ्या ओट्याशी उभ्या असलेल्या त्या बाईसमोर माझा बाप काठावर उभा आहे, हे मला बघवेना.

काल आम्हाला वर्गात बोलावलं होतं. मैत्रिणीनं तिच्या आजोबांचं सांगितलं, विहिरीत न बघणाऱ्या. मग माझी उभी राहिली. "माझे आजोबा इतिहास शिकवायचे. त्यांच्या पुस्तकात हे नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं." केवढ्या विश्वासानं म्हणाली, आप्पा. टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर मैत्रिणीच्या आईनं माझा हात हातात घेतला. "उस्ताद थे तुम्हारे अब्बा. मालूम रहता तो जरूर बोलते, हौ ना?"

मी म्हटलं, "हौ."

इतकी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात नापास करत आले. मी असते तर सांगितलं असतं, असं वाटायचं. वाटायला काय जातं!

हे पत्र कुठं टाकणार? लपवायचीही गरज नाही, टेबलावर उघडंच राहील. पोरगी शाळेतून येईल, विचारेल, मामा, काय लिहितेस? काही नाही, म्हणेन. तिला बाराखडी शिकवायची राहूनच गेली, आणि आज त्याचं मला बरं वाटतंय.