बिनगुलाच्या काड्या

रविवार, ८ जून

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण कोणी विचारत नाही म्हटल्यावर आपोआप गप्प बसतो.

तुझं पत्र मिळालं. बाबांनी आगकाड्यांचं केलेलं आपलं घर तुला नव्या ऑफिसात दाराशीच ठेवायचं आहे. "बाबांची आठवण म्हणून," लिहिलंस. ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा आठवण कुठे गेली होती रे? असो.

पाठवते. ओल्या फडक्यानं पुसू नकोस, काड्या फुगतात.

लोकांना सांगशील, वडिलांनी एकट्यानं केलं. ते नुसते चिकटवायचे. काड्यांचे गुल मी काढायची, ब्लेडनं, एकेक करून. घरभर काड्या, पण चहा ठेवायचा तर पेटणारी एक नाही! शेजारच्या काकूंकडे मागायला जायची. त्या म्हणायच्या, "काड्यांच्या घरात राहतेस गं, आणि काडी मागतेस?"

छप्पर उचललं की निघतं. डाव्या हाताला तुझी खोली. टेबल, कपाट, उघडझाप होणारी खिडकी. खुर्ची मनासारखी होईना म्हणून बाबांनी पुन्हा पुन्हा मोडली. स्वयंपाकघरात ओटा आहे, पाण्याचं पिंप आहे. बस्स. जन्मभर मी तिथंच झोपत आले, हे तुला आठवत असेलच.

एकदा मी विचारलं, "बाबा, माझी खाट?"

मान वर न करता म्हणाले, "तू आहेस की इथं. जो नाही, त्याचं करावं लागतं."

मी हसले. मग ओट्याकडे तोंड करून रडले. पुढे त्यांना भरवलं, त्यांचं हगणं-मुतणं काढलं, आणि जाताना ते तुला हाका मारत गेले. मला राग आला. अजून आहे, तुझा आणि त्यांचाही. गेलेल्यावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

परवा उरलेल्या काड्या घेऊन बसले आणि ओट्याशेजारी एक खाट केली. वाकडी झाली आहे, माझा हात कुठला बसलेला त्यात! पण गम सढळ हातानं लावलाय. उपटायला जाशील तर खालची जमीन निघून येईल. कोणी विचारलं, ही खाट कोणाची, तर खरं ते सांग.

अजून इथंच असलेली,
तुझी ताई