विजेला न भिण्याचे धडे

साखरा, ३ मार्च १९७५, सोमवार

ठरवलं. शेजारच्या भागूबाईची नात पेमा. गेल्या महिन्यात त्यांच्या बांधावरच्या बाभळीवर वीज पडली, तेव्हापासून ढग दिसला की पोरगी कणगीमागे दडते. शाळा बंद. शनिवारी गेली नाही तर हेडमास्तर नाव कमी करणार. भागूबाई म्हणते, न्हाई गेली तर न्हाई, शेण थापंल. अंगाचा तिळपापड झाला! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसच्या हाताखाली शिकून पुढे तीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला तो काय यासाठी? चार दिवसांत भीती घालवून दाखवते. भीती म्हणजे निव्वळ अज्ञान.

४ मार्च

धडा पहिला: वारा. हवा तापली की वर जाते, रिकाम्या जागी गार हवा धावून येते. पेमाला समजलं. मध्येच खिडकी आपटली. मी दचकले नाही. उठायचंच होतं.

५ मार्च

ढग म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. फार उंच गेले की गोठतात, त्या गारा. भागूबाई दारातूनच म्हणाली, गारा आल्या की आंगणात विळा फेकावा, थांबतेत. मी म्हटलं, मग वेधशाळेत विळेच टांगले असते. पेमा खुदकन हसली. भागूबाई गेली ती पुटपुटत.

६ मार्च

वीज. उजेड आधी पोचतो, आवाज मागून. लखलखलं की अंक मोजायचे. तीन अंकांना एक किलोमीटर. जितके अंक जास्त, तितकी वीज दूर. पश्चिमेला जरा काळं दिसलं. धडा लवकर आटोपला. छातीत धडधड. चहा कमी करावा.

७ मार्च, दुपारी २

पेमाने विचारलं, बाई, तुमी भेता का? सांगितलं, मी इंग्रज इन्स्पेक्टरलासुद्धा भ्याले नाही.

३.१०

आभाळ काळंकुट्ट. गारा. उत्तम प्रात्यक्षिक. पेमाला बोलवावं. जरा थांबून.

३.२०

अक्षर वाईट येतंय, कारण बाजेखाली उजेड कमी आहे. पेन्सिल शोधायला आत शिरले. पेन्सिल हातातच आहे. सिस्टरने शिकवलेली मेरीमातेची प्रार्थना मोठ्याने म्हणते आहे. उच्चार बिघडलेत हल्ली.

८ मार्च, शनिवार

काल पेमा गारांतून धावत आली. कपाळाला टेंगूळ. म्हणाली, बाई, तुमचा आवाज आला. बाजेखाली शिरून तिने माझा हात धरला. लखलखलं की मोजायची. मला तीनच्या पुढचे अंक आठवेनात. शेवटी म्हणाली, बाई, अकरा! लई दूर गेली. निघा आता भायेर.

आज पेमा शाळेत गेली. कार्यक्रम यशस्वी. म्हटलंच होतं.

एकच तक्रार. भीती गेली कशी, असं हेडमास्तरांनी विचारलं, तर भर वर्गात म्हणाली, बाईला माझ्याहून जास्त भेव वाटतं, मग मोजणार कोण?

संध्याकाळी भागूबाई माझ्या आंगणातून विळा, तवा, अडकित्ता, सांडशी आणि लोखंडी खलबत्ता गोळा करून घेऊन आली. म्हणाली, बाई, एक विळा बी बास व्हतो.

म्हटलं, वाळत घातलं होतं.