भट्टीला तोंड दाखवताना

प्रिय बारक्या,

फोरमन झालास तरी मला लिहायला दुसरं नाव सुचत नाही. फोनवर तू "आई, पुरे आता" म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. कँटीनवाली उद्या सकाळच्या चहाबरोबर तुझ्या हातात देईल. पाळी सुरू व्हायच्या आधी वाच. त्याच पाळीला तुझे दाजी महिन्याभराने कामावर येतायत. काल ताईच्या दारात उभा राहून तू म्हणालास, "दाजी, पाय मोडला पण सुट्टी मानवली तुम्हाला, गाल वर आलेत. परवा भट्टीला तोंड दाखवा, उतरतील." ते हसले, ताईसुद्धा हसली. मी आत भांडी घासत होते, माझा हात तिथेच थांबला.

तुमच्या काचेच्या कारखान्याची ही रीत मला नवी नाही. सुट्टीवरून आलेल्याने पहिली अख्खी पाळी भट्टीच्या तोंडाशी काढायची. मधेच बदली माणूस मागितला की वर्षभर थट्टा. ताईच्या लग्नाची तीन आठवड्यांची सुट्टी संपवून तुझे बाबा असेच कामावर गेले होते, नवीन शर्ट घालून. परत आलेच नाहीत. तू म्हणतोस, त्यांचं हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनीही तसंच लिहिलं. पण ज्या माणसाने आयुष्य त्या तोंडाशी काढलं, तो तीन आठवड्यांत कमजोर कसा झाला, हे मला उमगेना. म्हणून वाचत बसले. आधी ताईची कॉलेजची पुस्तकं, मग वाचनालयातली. एकेक पान चार-चारदा वाचावं लागलं. काही चुकत असेल तर चुकू दे, पण ऐक.

आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं असतात, नीट घडी घातलेल्या कपड्यांसारखी. उष्णता वाढली की घड्या विस्कटतात. त्या सावरायला पेशीत मदतनीस असतात. एरवी हेच मदतनीस एका निरोप्याचा हात धरून त्याला बसवून ठेवतात. ताप वाढला की ते विस्कटलेल्यांकडे धावतात, निरोप्याचा हात सुटतो, आणि तो थेट पेशीच्या मध्यभागी जाऊन सांगतो, आणखी माणसं पाठवा. केवढी शहाणी व्यवस्था. रोज भट्टीशी उभ्या राहणाऱ्याच्या अंगात ही कुमक तयार असते, घामही लवकर सुटतो. पण बरेच दिवस लांब राहिलं की ती ओसरते. ती पुन्हा उभी राहायला दिवस लागतात, थोडं थोडं तापावं लागतं. तुम्ही पहिल्याच दिवशी अख्खी पाळी घेता.

आणि कुमक पुरली नाही, तर पेशी दुसरा निरोप ऐकते. आता आवरायचं. ती स्वतःला गुंडाळून घेते, शेजारणींना धक्का न लावता जाते. उष्णता त्याहून जास्त असेल तर आवरायलाही सवड मिळत नाही. पेशी फुटते, आतलं सगळं शेजारणींच्या अंगावर सांडतं, मग त्याही पेटतात. आतडं, मूत्रपिंड, मेंदू. हे वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

मेंदूचं का सांगते, तुला कळलं असेल. त्या दुपारी बाबांचा घाम थांबला आणि ते क्रेनवाल्याला व्याही म्हणायला लागले. बसा, जेवल्याशिवाय जायचं नाही, असा आग्रह करत होते. सगळ्यांना वाटलं, लग्नाची धुंदी उतरली नाही अजून. सगळे हसले. तूही त्याच पाळीत होतास, बारक्या. तूही हसलास. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, क्रेनवाल्याने सांगितलं, रडत. मी विचारलं नाही, कारण तिथे मी असते तर मीही हसले असते. आयुष्यभर थट्टा करणारा माणूस होता तो. पण तेव्हापासून तू ती रीत मोडत नाहीस, आणि "हृदय कमजोर" हे शब्दही सोडत नाहीस. मला वाटतं, रीत चुकीची म्हटली तर ते हसणं तुला सोसणार नाही. ते माझ्याकडे दे. मी सोसेन.

आता का लिहिलं ते. दाजींना तीन दिवस ताप आहे. त्यांच्या उशीखाली तापाच्या गोळ्या सापडल्या. ताईला माहीत नाही. मला म्हणाले, "आई, बारक्याला सांगू नका, तुम्हाला माझी शपथ. म्हणेल, जावई घाबरला." मी शपथ मोडते आहे. हे वाचशील त्याच पाळीत त्यांना भट्टीच्या तोंडापासून लांब ठेव. कारण सांगू नकोस, मेहुणा आहेस, चांगला झोंबेल असा टोमणा मार आणि पॅकिंगला पाठव. आणि तरीही ते मधेच काही वेडंवाकडं बोलायला लागले, तर आधी त्यांच्यावर पाणी ओता, गाडी बोलवा. हसायचं ते नंतर, माझ्या घरी.

पाळी सुटेपर्यंत दाराशी बसून राहणारी,
तुझीच आई