कानाच्या पाळीला हात लावून

प्रिय ओपलमावशी,

तू जाऊन सात महिने झाले. तुला मराठीचा गंध नव्हता, तरी मराठीतच लिहितेय; मनातलं मला इंग्रजीत धड सांगता येत नाही. वर कुणाकडून तरी वाचून घे. आता तुझ्याकडे वेळच वेळ आहे!

आज लिहायला बसले, कारण समोर मंडळाच्या गणपती कार्यक्रमाचा फॉर्म आहे. माझी ईरा गिटारवर तुझं गाणं वाजवणार आहे, आणि ‘मूळ कलाकार’ या रकान्यात नाव लिहायचंय.

आठवतं, जर्सी सिटीतल्या आपल्या बिल्डिंगमध्ये तू पहिल्यांदा माझं दार वाजवलंस? मला वाटलं, भिंतीपलीकडून माझ्या तंबोऱ्याची तक्रार घेऊन आलीस. तू मात्र खुर्ची ओढून ऐकायलाच बसलीस. माझ्या गुरुजींचं नाव घेताना मी कानाच्या पाळीला हात लावला, तेव्हा विचारलंस, हे काय? ज्यांच्याकडून घेतलं त्यांचा मान, मी म्हटलं. तू लगेच दोन्ही कान धरून म्हणालीस, “अमोस. माय बिग ब्रदर.” मी खो खो हसले. कोण हा अमोस, हे विचारायचं सुचलंच नाही मला!

आणि मागच्या गणपतीत काय केलं मी? आमच्या हौशी बँडनं ते जुनं रॉक अँड रोल वाजवलं, निवेदन माझं. ज्याच्या आवाजात ते जगभर गाजलं, त्या देखण्या गोऱ्या गायकाचं नाव मी थाटात घेतलं. तू पहिल्या रांगेत, माझी मोरपंखी साडी नेसून. टाळ्या का वाजवल्यास गं? उठून ओरडायचं होतंस!

मग मसालेभात खाता खाता सहज म्हणालीस, “हनी, दॅट वॉज अवर साँग.” पियानोवर अमोस, ड्रम्सवर चुलतभाऊ क्लीव्ह, गिटारवर सतरा वर्षांची तू. चर्चच्या तळघरात बसवलेलं गाणं. तुम्ही काळे, म्हणून तुमची रेकॉर्ड गोऱ्यांच्या रेडिओवर कुणी लावेना. काही महिन्यांनी त्या गोऱ्या गायकानं तेच गायलं आणि सगळा देश नाचला. तू हसत सांगत होतीस, मी ताट बाजूला ठेवलं.

“पुढच्या वर्षी माईकवरून चूक दुरुस्त करते,” मी म्हटलं. तेव्हाच का नाही केली? माईक दहा पावलांवर होता.

काल आमच्या सेक्रेटरी सतीशकाकांचा फोन आला. “अगं, ही नावं कुणाला माहितीयेत? फेमस नाव टाक, यार. ऑडियन्स कनेक्ट होते.” खरं सांगते, मी घुटमळले. ईरानं ऐकलं. तू दिलेली गिटार तिनं केसमध्ये ठेवली आणि म्हणाली, “आई, शी टॉट मी. इफ यू राइट हिज नेम, आय ॲम नॉट प्लेइंग.”

तेरा वर्षांची पोर! इतकी लाज वाटली, आणि इतका आनंद झाला. रकान्यात तिघांची नावं लिहिली. जागा पुरेना, समासात गेले. मग ईरानं गिटार परत काढली, पहिला सूर छेडण्याआधी कानाच्या पाळीला हात लावला आणि तुझं नाव घेतलं. हे तिला मी शिकवलेलं नाही.

शनिवारी मोरपंखी मी नेसणार आहे. सभागृहाला आधी सांगेन, आपण कान का धरतो ते. मग नावं घेईन. एका हातात माईक, दुसऱ्या हातात कागद असतो माझ्या. कागद खाली ठेवेन. नावं पाठ आहेत.

तुझी भिंतीपलीकडची,
वैशाली