माझे हृदय त्या दालनाला मिळणार नाही

मी, खाली सही करणारी, हृदयविकारतज्ज्ञ, त्यातही बिघडलेल्या ठोक्यांची डॉक्टर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. राग अजून उतरलेला नाही. त्याचा दाखला कोणी मागितला नाही.

कलम पहिले. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे राहते घर, आतील सामानासह, माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीला मिळावे. भाचीही याच विषयाची डॉक्टर आहे. खिडकीजवळच्या टेबलावर तिने पुस्तके रचू नयेत, तिथे बसून जेवावे. मला ते कधी जमले नाही.

कलम दुसरे. तपासणीच्या खोलीत क्ष-किरणांपासून बचावासाठी अंगावर चढवायचा माझा शिशाचा एप्रन दादाला द्यावा. घरातल्या प्रत्येक लग्नात तो चारचौघांत विचारायचा, "काय गं, तुझं शिक्षण संपणार तरी कधी?" आधी डॉक्टरकी, मग मेडिसिन, मग हृदय, मग हृदयाचे ठोके, आणि वर संशोधन. माझ्या मैत्रिणींची मुले शाळेत जाऊ लागली तरी मी शिकाऊच होते. दादाने तो एप्रन घालून एक सकाळ उभे राहावे. कंबर धरली की उत्तर मिळेल.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक वकीलसाहेबांच्या ताब्यात राहावी. ज्या विभागात मी शिकले, तिथल्या कोणाही शिकाऊ डॉक्टरची मुदत लेखी कारणाशिवाय वाढवली, तर त्या विभागावर दावा लावण्याचा खर्च यातून व्हावा. वकीलसाहेबांनी सढळ हाताने भांडावे.

कलम चौथे. माझे हृदय. इथे जरा सविस्तर लिहिते.

आमच्या विभागात नव्या शिकाऊंनी एकमेकांचा ईसीजी काढून हात बसवायची पद्धत होती. माझा आलेख विचित्र आला. छातीच्या वायरी म्हणत होत्या, हृदयात उजवीकडे विजेची एक जादा वाट आहे. हातांच्या वायरी म्हणत होत्या, डावीकडे. विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत, हरखून गेले. "अगं, हा नवाच प्रकार दिसतोय! संशोधनाकडे ये. संशोधनाशिवाय डॉक्टर म्हणजे नुसता कारागीर."

मी गेले. संशोधनाच्या काळात पेशंटला हात लावायचा नाही, हा सरांचा नियम. मग हात गंजले म्हणून पुन्हा शिकाऊ, आणि शिकाऊ आहे म्हणून पुन्हा संशोधन. माझ्या प्रमाणपत्रावर सही सरांची लागायची, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. पुढे मीच तो आलेख पुन्हा काढला तेव्हा कळले की पहिल्या वेळी सहकाऱ्याने उजव्या हाताची वायर डाव्याला आणि डाव्याची उजव्याला लावली होती. नवा प्रकार वगैरे काही नव्हता. उजवीकडे एक साधी जादा वाट होती, बस्स. धावत सरांकडे गेले, तर माझे नाव वगळून पहिलाच आलेख त्यांनी छापायला पाठवला होता. "आता मोडता घालू नकोस," म्हणाले, "सही हवीय ना?"

तो प्रकार आज सरांच्या नावाने ओळखला जातो. तो जगभर अधूनमधून सापडतो, कारण वायरी जगभर अदलाबदल होतात. सही मिळाल्यावर मी लिहून, बोलून, ओरडून पाहिले. सरांपुढे माझे कोण ऐकणार?

आता सर नाहीत. त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा आहे, आणि भाची त्याच्या हाताखाली. मुदत संपूनही तिची सही अडली होती. छोटे सर तिला म्हणाले, "तुझ्या मावशी देहदान करणार आहेत ना? बाबांना तो प्रकार ज्यात सापडला, ते हृदय आपल्याकडे येऊ दे. संग्रहालयात बाबांच्या नावाचं दालन आहे, तिथे ठेवू. मग तुझ्या सहीचं बघू." पोर रडत घरी आली. "मावशी, नको मला ते प्रमाणपत्र. मी सोडते सगळं."

"गप्प बस," मी म्हटले, "आधी जेवून घे."

माझे हृदय दुसऱ्या शहरातील लहान महाविद्यालयात शरीररचना शिकवणाऱ्या बाईंना द्यावे. त्यांनी ते उघडून जादा वाट उजवीकडेच आहे, हे छायाचित्रांसह दाखवावे. भाचीने ते छापावे. पहिले नाव तिचे, दुसरे बाईंचे. सरांचे नाव शीर्षकात ठळक असावे. चूक त्यांच्याच नावाची आहे.

कलम पाचवे आणि शेवटचे. जुने मृत्युपत्र रद्द केल्याचे कलम सगळ्यात वर लिहितात, असे वकीलसाहेबांचे म्हणणे. मी ते मुद्दाम खाली ठेवले आहे. माझे आधीचे मृत्युपत्र, ज्यात मी हृदय सरांच्या दालनाला दिले होते आणि ज्याची प्रत मी स्वतः छोट्या सरांच्या हातात ठेवली, ते मी याद्वारे रद्द करते. प्रत वाचून छोटे सर गहिवरले, माझ्या पाया पडले आणि त्याच बैठकीत त्यांनी भाचीच्या प्रमाणपत्रावर सही केली. काल त्या प्रमाणपत्राची सरकारदरबारी नोंदणी झाली. ते आता कोणालाही मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र येते.

साक्षीदार:
१. तळमजल्यावरचे शिंपीकाका (सही)
२. तपासणीच्या खोलीतील निवृत्त सिस्टर (सही; आधी पोटभर हसून घेतले)

ठिकाण: राहते घर
तारीख: नोंदणीच्या दुसऱ्या दिवशीची
लिहून ठेवणार: भाचीची मावशी (सही)